आस्कानियर घराणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन राजघराणी म्हटलं की बहुतेकांना हाब्सबुर्ग आणि होहेनझोलर्न एवढीच नावं आठवतात. त्या दोघांच्या आधी जर्मनीच्या ईशान्य भागाला आकार दिला तो आस्कानियरांनी, आणि त्यांच्याबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दुसऱ्या प्रश्नाशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आस्कानियर म्हणजे नक्की कोण? कुठले?

हार्ट्‌झ डोंगरांच्या ईशान्य पायथ्याशी, आजच्या सॅक्सनी-आनहाल्ट राज्यात, बालेनश्टेट नावाचं गाव आहे. हे मूळचं तिथल्या काउंटांचं घराणं. नावानिशी ठाऊक असलेला पहिला पुरुष एसिको, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. पुढच्या दीडशे वर्षांत या छोट्या जहागीरदारांच्या हातात तीन मोठ्या गोष्टी आल्या: ब्रांडेनबुर्गचा सीमाप्रांत, सॅक्सनीची ड्यूकपदवी आणि घरची आनहाल्टची जमीन. या तिन्हींचे तीन फाटे झाले आणि तिघांची नशिबं वेगळी निघाली. ब्रांडेनबुर्गचा फाटा १३२० मध्ये संपला. सॅक्सनीच्या फाट्यातून विटेनबर्ग (१४२२ पर्यंत) आणि लाउएनबुर्ग (१६८९ पर्यंत) अशा दोन शाखा निघाल्या. आनहाल्टवाले मात्र १९१८ पर्यंत गादीवर होते. एकाच घराण्याच्या अखेरीच्या चार वेगवेगळ्या तारखा का सापडतात, त्याचं उत्तर हेच.

२. हे लोक ट्रॉयच्या वीरांचे वंशज होते असं वाचलं. खरं आहे का?

नाही. आशर्सलेबन या गावाच्या नावाचं लॅटिन रूप ‘आस्कानिया’ असं केलं गेलं. ट्रॉयचा वीर ईनियस याच्या मुलाचं नाव आस्कानियस, त्यामुळे वंशावळी रचणाऱ्यांना आयताच धागा मिळाला. मध्ययुगात प्रत्येक मोठ्या घराण्याला रोम किंवा ट्रॉयचा पूर्वज हवा असे. त्यापलीकडे या कथेला आधार नाही.

३. काउंट, मार्कग्राफ, ड्यूक, इलेक्टर यांत फरक काय?

काउंट म्हणजे एका मुलखाचा न्याय आणि वसुली पाहणारा सरदार. मार्कग्राफ हा सीमेवरच्या प्रांताचा काउंट. सीमा धोक्याची, म्हणून त्याला फौज उभी करण्याचे आणि किल्ले बांधण्याचे जादा अधिकार असत. ड्यूक त्याहून वरचा, एका मोठ्या जमातीच्या किंवा प्रदेशाच्या नावाने ओळखला जाणारा. इलेक्टर ही वेगळी पायरी नव्हे. जर्मनीचा राजा निवडताना ज्यांचं मत मोजलं जाई ते मोजके सरदार म्हणजे इलेक्टर. त्यामुळे एकच माणूस मार्कग्राफही असे आणि इलेक्टरही (प्रश्न ८ पाहा). सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ही पदं सुरुवातीला राजाने दिलेली होती. ती वंशपरंपरागत हळूहळू झाली, आणि ‘मूळ मालक राजा’ हे तत्त्व कधीच पूर्ण पुसलं गेलं नाही. पुढचा सगळा गुंता याच तत्त्वातून झाला आहे.

४. अल्ब्रेख्ट ‘अस्वल’ एवढा प्रसिद्ध का?

घराणं मोठं केलं ते त्यानेच, म्हणून. जन्म ११०० च्या सुमाराचा, मृत्यू १८ नोव्हेंबर ११७०. वडील ओटो, ज्याला ‘श्रीमंत’ म्हणत. आई आयलिका ही सॅक्सनीच्या बिलुंग घराण्यातल्या शेवटच्या ड्यूकची, माग्नुसची मुलगी. माग्नुस ११०६ मध्ये मुलाविना वारला, तेव्हा त्याच्या दोन मुलींच्या सासरांत मालमत्ता वाटली गेली. आयलिका आस्कानियरांकडे दिलेली होती, तर थोरली वुल्फहिल्ड वेल्फ घराण्यात. ड्यूकपद तिसऱ्याच माणसाला, सुप्लिनबुर्गच्या लोथारला मिळालं. सॅक्सनीवर आपला हक्क आहे असं मानणारी दोन मावसघरं अशी तयार झाली, आणि पुढची पाऊणशे वर्षं ती एकमेकांशी झगडत राहिली.

अल्ब्रेख्टच्या आयुष्यात अपयशही भरपूर आहे, आणि मला तो त्यामुळेच जास्त पटतो. लुसाटियाचा सीमाप्रांत त्याच्या हातून गेला. ११३४ मध्ये एल्बेकाठचा ‘उत्तर सीमाप्रांत’ मिळाला, पण त्यातला एल्बेपलीकडचा बराचसा भाग फक्त कागदावर होता. ९८३ च्या स्लाव्ह उठावानंतर तिथे जर्मन सत्ता उरलीच नव्हती. ११३८ मध्ये राजा कोनराड तिसऱ्याने त्याला सॅक्सनीचा ड्यूक केलं, पण वेल्फांपुढे टिकाव लागला नाही आणि ११४२ मध्ये ते पद सोडावं लागलं. एवढं होऊनही त्याने ब्रांडेनबुर्ग मिळवलं (प्रश्न ५), सात मुलगे मोठे केले आणि सत्तरीपर्यंत जगला.

५. ब्रांडेनबुर्ग त्याने जिंकलं की वारशाने मिळवलं?

दोन्ही, आणि याच क्रमाने: आधी वारसा, मग लढाई.

हाफेल नदीकाठच्या ब्रांडेनबुर्ग किल्ल्यावर हेवेली या स्लाव्ह जमातीचा राजा होता. त्याचं नाव प्रिबिस्लाव, बाप्तिस्म्यानंतरचं हाइनरिख. त्याला मूलबाळ नव्हतं. अल्ब्रेख्टशी त्याचं सख्य इतकं की अल्ब्रेख्टच्या थोरल्या मुलाचा, ओटोचा तो धर्मपिता झाला आणि त्याने बाळाला त्साउखे नावाचा अख्खा मुलूख भेट दिला. आपल्यामागे राज्य अल्ब्रेख्टला मिळावं असंही त्याने ठरवून ठेवलं.

११५० मध्ये प्रिबिस्लाव वारला. पुढची हकिकत ब्रांडेनबुर्गचा एक धर्मगुरू, हाइनरिख फोन आन्टवेर्पन, याने लिहून ठेवली आहे. राणी पेट्रिसाने नवऱ्याच्या मृत्यूची बातमी तीन दिवस बाहेर फुटू दिली नाही. प्रजेतल्या अनेकांना जुने देव हवे होते आणि परका सरदार नको होता. बातमी फुटली तर किल्ल्याचे दरवाजे अल्ब्रेख्टला बंद होतील हे तिला दिसत होतं. घरात नवऱ्याचं प्रेत, बाहेर रोजचे व्यवहार चालू, आणि निरोप्या अल्ब्रेख्टकडे धावतोय. अल्ब्रेख्ट सैन्यासह पोहोचला, मगच दफन झालं. या घराण्याच्या इतिहासातला सर्वांत निर्णायक निर्णय एका विधवेने घेतला असं मी मानतो, आणि तिचं नाव फार कमी ठिकाणी येतं याची खंत वाटते.

पण तेवढ्यावर भागलं नाही. प्रिबिस्लावचा नातलग याक्सा हाही हक्क सांगत होता. पहारेकऱ्यांना पैसे चारून त्याने किल्ला घेतला. ‘कोपनिकचा याक्सा’ या नावाची चांदीची पातळ नाणी आज उपलब्ध आहेत. ती इतकी पातळ की ठसा एकाच बाजूने मारलेला, मागे त्याचा खळगा उमटलेला. काहींवर त्याने स्वतःला ‘क्नेझ’ म्हणजे स्लाव्ह राजा म्हणवलं आहे आणि बाजूला क्रूस आहे. म्हणजे हा माणूस ख्रिस्तीच होता. ‘ख्रिस्ती विरुद्ध काफिर’ असं या झगड्याचं जे चित्र रंगवलं जातं ते या नाण्यांपुढे टिकत नाही. अखेर माग्डेबुर्गचा आर्चबिशप विख्‌मान याच्या मदतीने अल्ब्रेख्टने ११ जून ११५७ रोजी किल्ला परत घेतला, आणि त्याच वर्षापासून तो स्वतःला ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ म्हणवू लागला.

६. तिथल्या स्लाव्ह लोकांना हाकलून दिलं का?

सरसकट नाही. ११४७ ची वेंड लोकांविरुद्धची (एल्बेपलीकडच्या स्लाव्हांना जर्मन ‘वेंड’ म्हणत) धर्मस्वारी हिंसक होती आणि अल्ब्रेख्ट तीत होता, हे झाकायचं कारण नाही. पण नंतरच्या शंभर वर्षांत मुख्य बदल झाला तो वसाहतीमुळे. ऱ्हाइनकाठचे, फ्लांडर्सचे आणि हॉलंडचे शेतकरी बोलावले गेले. दलदल कशी उपसायची आणि बांध कसे घालायचे हे त्यांना माहीत होतं. स्लाव्ह गावं त्यांच्या शेजारी राहिली, हळूहळू भाषा बदलली, घराणी मिसळली. ब्रांडेनबुर्गच्या आणि बर्लिनच्या परिसरातली असंख्य गावांची नावं आजही स्लाव्ह आहेत. लुसाटियातले सोर्ब लोक तर आपली भाषा आजही बोलतात.

७. सॅक्सनी कशी मिळाली? आणि ती आजच्या ड्रेस्डेनच्या सॅक्सनीहून वेगळी कशी?

वेल्फ घराण्याचा ‘सिंह’ हाइनरिख सॅक्सनी आणि बव्हेरिया दोन्हींचा ड्यूक होता. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाशी त्याचं बिनसलं, आणि ११८० मध्ये गेल्नहाउझन इथे सॅक्सनीचे तुकडे पाडण्यात आले. पश्चिमेकडचा वेस्टफालियाचा भाग कोलोनच्या आर्चबिशपला मिळाला. उरलेल्या पूर्वेकडच्या भागासह ड्यूकपदवी अल्ब्रेख्टचा धाकटा मुलगा बर्नहार्ड याला मिळाली. बापाला ११४२ मध्ये सोडावं लागलेलं पद अडतीस वर्षांनी मुलाकडे आलं.

पण पदवी मिळाली, मुलूख फारसा नाही. वेल्फांनी ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गची खासगी मालमत्ता राखली. बर्नहार्डच्या वंशजांचं केंद्र एल्बेच्या मधल्या टप्प्यावर, विटेनबर्गला सरकलं. १४२३ मध्ये ही पदवी वेटिन घराण्याला गेली (प्रश्न १४) आणि त्यांच्याबरोबर आणखी वर, माइसन आणि ड्रेस्डेनकडे चढली. ‘सॅक्सनी’ हे नाव असं एल्बेच्या उगमाकडे प्रवास करत गेलं. मूळ सॅक्सन लोकांचा मुलूख म्हणजे आजचा नीडरसाक्सन, हानोफरच्या आसपासचा. ड्रेस्डेनच्या सॅक्सनीने ड्यूकांची पदवी घेतली आणि तिच्याबरोबर बर्नहार्डच्या वंशाचं चिन्हही: काळ्या-सोनेरी पट्ट्यांवर तिरकी हिरवी पानांची माळ. ते आजही सॅक्सनी राज्याच्या राजमुद्रेवर आहे.

८. एकाच घराण्याकडे सम्राट निवडण्याची दोन मतं होती, हे कसं?

तेराव्या शतकात राजा निवडण्याचा हक्क सात जणांपुरता आकसला: माइंत्स, कोलोन आणि ट्रियरचे तीन आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा काउंट पॅलाटिन, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ. शेवटचे दोघे आस्कानियर. एक साम्राज्याचा मार्शल, दुसरा खजिनदार-दिवाण. अशी दुहेरी पकड त्या वेळी दुसऱ्या कोणत्याच घराण्याची नव्हती. १२७३ मध्ये हाब्सबुर्गचा रुडॉल्फ राजा झाला तेव्हा त्याने आपली मुलगी आग्नेस सॅक्सनीच्या अल्ब्रेख्ट दुसऱ्याला दिली. या मतांची किंमत किती होती ते त्यावरून समजावं.

गोम अशी की सॅक्सनीच्या दोन शाखा झाल्यावर मत कोणाचं हेच ठरेना. १३१४ च्या निवडणुकीत विटेनबर्गच्या रुडॉल्फने ऑस्ट्रियाच्या फ्रेडरिकला मत दिलं आणि लाउएनबुर्गच्या योहानने बव्हेरियाच्या लुडविगला. दोघांचं म्हणणं एकच: सॅक्सनीचं मत माझं. जर्मनीला दोन राजे मिळाले आणि युद्ध पेटलं. १३५६ च्या ‘सुवर्णमुद्रांकित सनदे’ने वाद मिटवला: मत विटेनबर्गचं, आणि इलेक्टरचा मुलूख यापुढे वाटायचा नाही, थोरल्या मुलाकडेच जायचा. तोवर ब्रांडेनबुर्गचं मत घराण्याबाहेर गेलेलं होतं.

९. मुळात राज्याच्या वाटण्या करायच्याच कशाला? थोरल्याला का देत नव्हते?

कारण राज्य ही कुटुंबाची मालमत्ता मानली जाई, आणि औरस मुलांचा तीत सारखा हक्क असे. थोरल्याला सगळं देणं हा त्या काळी अन्याय वाटे. काही मुलगे चर्चमध्ये जात, बिशप होत. अल्ब्रेख्टचा मुलगा सीगफ्रीड ब्रेमेनचा आर्चबिशप झाला. उरलेल्यांत जमीन वाटली जाई. अल्ब्रेख्टच्या मुलांतही असंच झालं: ओटोला ब्रांडेनबुर्ग, हर्मानला ओर्लामुंडे, बर्नहार्डला आनहाल्टकडची जमीन. आनहाल्टचे तर १२५२ नंतर तीन तुकडे पडले, आणि १६०३ नंतर पुन्हा वाटण्या होऊन देसाउ, बेर्नबुर्ग, प्लोत्सकाउ, त्सेर्ब्‌स्ट आणि क्योटन अशा पाच शाखा झाल्या.

माझं मत स्पष्ट आहे: या घराण्याने रणांगणावर गमावलं त्याहून कितीतरी पट जास्त वाटणीपत्रांवर गमावलं. वाटणी झाली की शाखा कायद्याने परक्या होत, आणि एक शाखा संपली की दुसरीला वारसा मिळेल याची शाश्वती नसे (प्रश्न १२ पाहा).

१०. वाटणीशिवाय भावांनी एकत्र राज्य केल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते फार सुंदर आहे. ब्रांडेनबुर्गचे योहान पहिला आणि ओटो तिसरा. १२२० मध्ये वडील वारले तेव्हा दोघंही दहा वर्षांच्या आतले. आई माटिल्डेने सांभाळलं. मोठे झाल्यावर दोघांनी तीसएक वर्षं एकत्र कारभार केला, सनदा दोघांच्या नावाने काढल्या. टेल्टो आणि बार्निम हे बर्लिनभोवतालचे मुलूख, उकरमार्क, ओडर नदीपलीकडची नवी जमीन, हे सगळं याच काळात आलं. बर्लिन आणि क्योल्न ही जुळी गावं त्यांच्याच कारकिर्दीत कागदोपत्री दिसू लागतात: क्योल्न १२३७, बर्लिन १२४४. नॉयब्रांडेनबुर्ग १२४८ चं, ओडरकाठचं फ्रांकफुर्ट १२५३ चं.

गाव वसवण्याची रीत ठरलेली होती. मार्कग्राफ एखाद्या कर्त्या माणसाला सनद देई. जागा आखणं, वस्तीला लोक आणणं, भूखंड वाटणं हे त्याचं काम. बदल्यात त्याला गावचं न्यायाधीशपद आणि वसुलीचा वाटा मिळे. फ्रांकफुर्टचं काम गॉटफ्रीड फोन हेर्ट्‌सबेर्ग याच्याकडे होतं. राज्यकर्त्याच्या तिजोरीतून फारसा खर्च न होता गाव उभं राही.

१२५८ मध्ये मात्र मुलं वाढल्यामुळे या भावांनीही जमीन वाटली. तरी इलेक्टरचं मत आणि मार्कग्राफची पदवी सामायिक ठेवली. त्यामुळे पुढे एकाच वेळी अनेक मार्कग्राफ दिसतात. वंशावळीत तुमची चूक झालेली नसते, ते खरोखरच सगळे एकदम मार्कग्राफ होते.

११. डोक्यात बाण घेऊन फिरणारा ओटो खरा की दंतकथा?

खरा. ओटो चौथा, योहान पहिल्याचा मुलगा. भाऊ एरिख याला माग्डेबुर्गचा आर्चबिशप करायचं म्हणून त्याने त्या शहराशी वैर धरलं. १२७८ मध्ये फ्रोझच्या लढाईत तो पकडला गेला. त्याला लाकडी पिंजऱ्यात ठेवलं आणि बायको हाइलविगने खंडणी जमवून सोडवलं, अशी हकिकत सांगतात. १२८० मध्ये श्टासफुर्टच्या वेढ्यात बाण डोक्यात घुसला आणि त्याचं टोक वर्षभर तसंच राहिलं. ‘बाणवाला ओटो’ हे नाव तेव्हापासूनचं. एरिख अखेर १२८३ मध्ये आर्चबिशप झालाच.

हाच ओटो प्रेमकविता रचत असे. हायडेलबेर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या मानेसे हस्तलिखितात (मध्ययुगीन जर्मन कवितांचा सचित्र संग्रह) त्याचं पानभर चित्र आहे. तो आणि एक स्त्री समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळत आहेत. पट आपल्याला दिसावा म्हणून चित्रकाराने तो उभा धरल्यासारखा काढला आहे. दोघांच्या हातात सोंगट्या आहेत, आणि खाली छोट्या आकारात वाजंत्री वाजवणारे आहेत. आनहाल्टचा हाइनरिख पहिला हाही याच हस्तलिखितात कवी म्हणून आहे.

१२. १३२० मध्ये चुलत शाखा जिवंत असताना ब्रांडेनबुर्ग हातून गेलं कसं?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. वाल्डेमार हा या शाखेचा शेवटचा बलाढ्य मार्कग्राफ. १३०९ मध्ये त्याने डान्त्सिगच्या भागावरचे हक्क ट्यूटॉनिक सरदारांना (लढवय्यांचा एक जर्मन धर्मसंघ) १०,००० मार्क चांदीला विकले. १३१६ मध्ये उत्तरेकडच्या राजांच्या युतीने ग्रान्झेजवळ त्याचा पराभव केला. १४ ऑगस्ट १३१९ रोजी तो निपुत्रिक वारला. उरला एक अल्पवयीन चुलतभाऊ हाइनरिख, ज्याला इतिहासात ‘बाळ’ म्हणतात. तोही १३२० मध्ये गेला. एकेकाळी ज्या शाखेत मोजता येऊ नयेत इतके मार्कग्राफ होते, ती दोन पिढ्यांत रिकामी झाली.

विटेनबर्गचा रुडॉल्फ आणि आनहाल्टचे चुलत यांनी हक्क सांगितला. पण जहागिरीचा कायदा असा की चुलत शाखेला वारसा हवा तर तिचं नाव मूळ सनदेत एकत्र मालक म्हणून असायला हवं. शाखा फुटल्यावर ते उरलं नव्हतं. ब्रांडेनबुर्ग राजाकडे परत गेलेली रिकामी जहागीर ठरली. शिवाय राजा होता बव्हेरियाचा लुडविग, आणि रुडॉल्फने १३१४ मध्ये मत दिलं होतं त्याच्या प्रतिस्पर्ध्याला. १३२३ मध्ये लुडविगने ब्रांडेनबुर्ग आपल्याच जेमतेम आठ वर्षांच्या मुलाला दिलं.

१३. दत्तक का घेतला नाही?

मराठी वाचकाला हा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे. आपल्याकडे दत्तकाने कित्येक गाद्या टिकल्या, आणि १८४८ मध्ये दत्तक नाकारून सातारा खालसा झालं तो घाव अजून लक्षात आहे. मध्ययुगीन जर्मन जहागिरीच्या कायद्यात दत्तक मुलाला जहागिरीवर हक्क नसे. ती रक्ताच्या पुरुष वंशजालाच जाई. त्याला पर्याय एकच, जिवंतपणी वारसाकरार करायचा: माझा वंश संपला तर तुझा, तुझा संपला तर माझा. पण त्यालाही सम्राटाची संमती लागे आणि ती राजकारण पाहून मिळे.

१४. विटेनबर्गचंही १४२२ मध्ये असंच झालं का?

बरंचसं. शेवटचा ड्यूक अल्ब्रेख्ट तिसरा मुलाविना वारला. लाउएनबुर्गच्या एरिख पाचव्याने हक्क सांगितला, आणि तो तर सॅक्सनीच्याच शाखेचा, आनहाल्टपेक्षा जवळचा. पण राजा सिगिस्मुंड त्या वेळी बोहेमियातल्या हुसाइट बंडखोरांशी, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांशी, झुंजत होता, आणि त्याला फौज देऊ शकणारा माणूस होता माइसनचा मार्कग्राफ, वेटिन घराण्याचा ‘लढवय्या’ फ्रेडरिक. १४२३ मध्ये ड्यूकपद आणि मत त्याला गेलं.

एक नेहमीचा गोंधळ इथेच मिटवतो. ल्यूथरला आश्रय देणारा विटेनबर्गचा फ्रेडरिक ‘सुज्ञ’ हा वेटिन होता, आस्कानियर नव्हे.

१५. १३४८ मध्ये परत आलेला वाल्डेमार कोण होता?

तोतया, असं बहुतेक इतिहासकार मानतात. वाल्डेमार वारून एकोणतीस वर्षं झाली होती. एक म्हातारा यात्रेकरू माग्डेबुर्गच्या आर्चबिशपकडे आला आणि म्हणाला, मीच तो. नात्यातल्या मुलीशी लग्न केल्याच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून मी पवित्र भूमीला गेलो होतो, माझ्या जागी दुसऱ्याच कोणाचं दफन झालं.

त्याच्यामागे आनहाल्ट आणि विटेनबर्गचे आस्कानियर लगेच उभे राहिले. १३२० मध्ये गेलेलं परत मिळवायची ही त्यांची संधी होती. राजा चौथा कार्ल ब्रांडेनबुर्गच्या तत्कालीन सत्ताधाऱ्यांचा, विटेल्सबाखांचा (बव्हेरियाच्या लुडविगचं घराणं) शत्रू होता. त्याने ऑक्टोबर १३४८ मध्ये या माणसाला मार्कग्राफ म्हणून मान्यता दिली. शहरांमागून शहरं त्याच्याकडे गेली. ब्रीट्सनसारखी थोडीच विटेल्सबाखांशी इमान राखून राहिली, आणि ते गाव आजही ट्रॉयेनब्रीट्सन, म्हणजे ‘इमानी’ ब्रीट्सन, म्हणवतं. १३५० मध्ये कार्लचा विटेल्सबाखांशी समझोता झाला आणि तोच माणूस खोटा ठरवला गेला. याकोब रेबॉक नावाचा हा कोणी गिरणीवाला होता असं नंतर बोललं गेलं.

मला लक्षणीय वाटतं ते त्यापुढचं. तोतया ठरल्यावरही आनहाल्टच्या राजांनी त्याला टाकलं नाही. तो देसाउला त्यांच्या दरबारी राजाच्या मानाने राहिला आणि तिथेच वारला. त्यांचा विश्वास खरा होता की नुसती अब्रू राखायची होती, हे कागदांवरून ठरत नाही.

१६. मुलींना वारसा मिळतच नव्हता का?

जहागीर पुरुषांची, हा नियम. अपवाद होते, पण लागू करून घेणं कठीण. १६८९ मध्ये लाउएनबुर्गचा शेवटचा ड्यूक युलिउस फ्रान्झ वारला तेव्हा दोन मुली होत्या. थोरली आना मारिया फ्रान्सिस्का, जिचं पुढे मेडिची घराण्याच्या शेवटच्या ग्रँड ड्यूकशी, जान गास्तोनेशी लग्न झालं. धाकटी सिबिला आउगुस्टा, बाडेनच्या मार्कग्राफाची बायको झाली. मुलींनी हक्क सांगितला, आनहाल्टने सांगितला, सॅक्सनीच्या वेटिनांनी सांगितला. मुलूख ताब्यात घेतला सेलेच्या वेल्फ ड्यूकने, सैन्य घालून. अल्ब्रेख्ट ‘अस्वला’शी भांडलेलं तेच मावसघर (प्रश्न ४).

यशस्वी अपवाद म्हणजे उत्तर समुद्राजवळचं येफर. हा मुलूख मुलीकडे जाऊ शकत असे. १७९३ मध्ये आनहाल्ट-त्सेर्ब्‌स्टचा शेवटचा राजा फ्रीडरिख आउगुस्ट निपुत्रिक गेला. त्सेर्ब्‌स्टची जमीन चुलत शाखांनी वाटून घेतली, येफर मात्र त्याच्या बहिणीला मिळालं. ती बहीण म्हणजे रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन. तिने तिथला कारभार भावाच्या विधवेकडे सोपवला.

१७. म्हणजे कॅथरीन द ग्रेट आस्कानियर होती?

हो, जन्माने. सोफी आउगुस्टे फ्रीडरिके, आनहाल्ट-त्सेर्ब्‌स्टची राजकन्या, जन्म १७२९, श्टेटिन. वडील प्रशियाच्या सैन्यात सेनापती. १७६२ ते १७९६ ती रशियाच्या गादीवर होती, पण लग्नाने रोमानोव्ह झालेली. म्हणून रशियावर आस्कानियरांनी राज्य केलं असं म्हणता येणार नाही.

१८. बर्लिनचं अस्वल अल्ब्रेख्टवरून आलं का?

तसा पुरावा नाही. बर्लिनच्या सर्वांत जुन्या शिक्क्यावर मार्कग्राफांचा गरुड आहे. अस्वलं दिसतात ती १२८० च्या शिक्क्यावर, अल्ब्रेख्ट वारून शंभरावर वर्षं झाल्यानंतर. आनहाल्टच्या चिन्हातलं तटबंदीवर चालणारं काळं अस्वल वेगळं. ते आज सॅक्सनी-आनहाल्टच्या राजमुद्रेत आहे.

१९. होहेनझोलर्न याच वंशातले का?

नाही. आस्कानियरांनंतर ब्रांडेनबुर्गवर विटेल्सबाख आले (१३७३ पर्यंत), मग लुक्सेम्बुर्ग, आणि १४१५ मध्ये होहेनझोलर्न. गोंधळ होतो कारण दुसऱ्या विल्हेल्मने बर्लिनच्या ‘विजयपथा’वर आपल्या ‘पूर्वसुरीं’चे ३२ पुतळे उभारले तेव्हा सुरुवात अल्ब्रेख्ट ‘अस्वला’पासून केली. गादीचा वारसा त्याने वंशाच्या वारशासारखा मांडला. त्यातले टिकलेले पुतळे आज श्पांडाउच्या किल्ल्यात आहेत.

२०. घराण्याला नाव देणारं आशर्सलेबन शेवटपर्यंत त्यांच्याकडे होतं का?

नव्हतं. आनहाल्टची आशर्सलेबन शाखा १३१५ मध्ये संपली, आणि १३२२ मध्ये विधवा एलिझाबेथकडून तो मुलूख हाल्बरश्टाटच्या बिशपाकडे गेला. बेर्नबुर्गचे चुलत पिढ्यानपिढ्या मागत राहिले, मिळाला नाही. ‘आस्कानियाचे काउंट’ ही पदवी मात्र ते लावत राहिले.

२१. १९१८ मध्ये काय झालं?

त्याआधी आनहाल्टचे तुकडे पुन्हा एक झाले होते. नेपोलियनच्या काळात शाखा ड्यूक म्हणवू लागल्या, आणि १८६३ पासून सगळा मुलूख देसाउच्या ड्यूकाकडे आला. १९१८ मध्ये गादीवर योआखिम एर्न्स्ट हा अल्पवयीन ड्यूक होता. त्याच्या वतीने काका आरिबेर्टने १२ नोव्हेंबरला गादी सोडली. योआखिम एर्न्स्ट १९४७ मध्ये बुखेनवाल्ड इथल्या सोव्हिएत छावणीत कैदेत वारला.

२२. प्रत्यक्ष पाहायचं तर कुठे जावं?

बर्लिनहून एका दिवसात होण्यासारखी दोन ठिकाणं: खोरिनचा विटांचा मठ, जिथे योहानच्या शाखेची दफनभूमी होती, आणि लेनिन गावचा मठ, अल्ब्रेख्टचा मुलगा ओटो पहिला याने ११८० मध्ये स्थापलेला. एकच निवडायचं तर खोरिन निवडा. त्या भागात दगड मिळत नाही, म्हणून गॉथिक कमानी लाल विटांत घडवल्या आहेत, आणि पश्चिमेकडची दर्शनी भिंत तासभर पाहिली तरी कमी वाटते. हाफेलकाठचं ब्रांडेनबुर्ग शहर आणि त्याचं कॅथेड्रल प्रश्न ५ साठी. विटेनबर्गला ल्यूथरसाठी जाणारच असाल तर जुन्या फ्रान्सिस्कन मठाची जागाही बघा. तिथे २००९ मध्ये विटेनबर्गचा ड्यूक रुडॉल्फ दुसरा याची कबर तलवारीसह सापडली. क्योटनच्या वाड्यात बाख १७१७ ते १७२३ आनहाल्टच्या लेओपोल्डकडे संगीतप्रमुख होता. देसाउजवळची व्योर्लित्सची बाग २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिला अर्धा दिवस ठेवा. आणि हार्ट्‌झकडे जाणं झालंच तर बालेनश्टेट. अल्ब्रेख्ट आणि त्याची बायको सोफी यांचं दफन तिथल्या मठात झालं.